माशाच्या देहातून पाणी वाचणारे सुंदरलाल होरा

खालापूर तालुक्यातील खोपोलीहून बोरघाट चढून गेले की माथ्यावर खंडाळा लागते. पावसाळ्यात तेथील कड्यांवरून कोसळणारे ओहोळ पाहण्यासाठी मुंबई-पुण्याचे पर्यटक गर्दी करतात. त्या ओहोळांतील खडकांना पोट टेकवून, प्रवाहाशी झुंजत राहणाऱ्या बोटभर माशाकडे मात्र क्वचितच कुणाचे लक्ष जाते. 1919 मध्ये कोलकात्याच्या भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे संचालक डॉ. नेल्सन अॅनन्डेल यांनी खंडाळ्याच्या अशाच एका माशाची शास्त्राला प्रथम ओळख करून दिली. दोन वर्षांनी, 1921 मध्ये, त्याच संस्थेतील पंचविशीच्या एका पंजाबी संशोधकाने या माशासाठी ‘पॅराप्सिलोरिंकस’ हा स्वतंत्र वंश स्थापन केला. त्या तरुणाचे नाव सुंदरलाल होरा.

याच होरा यांनी पुढे वीस वर्षांनी, 1941 मध्ये, के. के. नायर यांच्यासमवेत त्रावणकोरच्या पंबा नदीतील एका चिमुकल्या माशाचे नामकरण केले. पिवळसर हिरव्या अंगावर काळे ठिपके, फिरणारे टपोरे डोळे आणि भ्यायला की चेंडूसारखा फुगणारा देह असलेला हा मासा आज जगभर ‘पी पफर’ किंवा ‘ड्वार्फ पफर’ म्हणून ओळखला जातो. मुंबई-पुण्यापासून कर्जत-खोपोलीपर्यंतच्या ज्या हौशी मत्स्यपालकांना त्याने वेड लावले आहे, त्यांच्यापैकी फार थोड्यांना त्याला नाव देणारा माणूस ठाऊक असेल. हा मासा घरच्या टाकीत नीट जगवायचा असेल, तर होरा यांनी आयुष्यभर जो एक विचार मांडला तोच आजही उपयोगी पडतो. माशाचे शरीर हे तो ज्या पाण्यात राहतो त्या पाण्याचेच वर्णन असते, हा तो विचार होय.

होरा यांचा जन्म 22 मे 1896 रोजी पंजाबातील हाफिजाबाद येथे झाला. हे गाव आता पाकिस्तानात आहे. शालेय शिक्षण जालंधरला आटोपून ते लाहोरला आले आणि प्राणिशास्त्राच्या अभ्यासात रमले. त्या काळी प्राणिशास्त्र शिकून सुशिक्षित भारतीय तरुणाने काय करावे, या प्रश्नाला फारशी उत्तरे नव्हती. 1919 मध्ये अॅनन्डेल लाहोरच्या महाविद्यालयाला भेट देण्यास आले, तेव्हा या विद्यार्थ्याची हुशारी त्यांच्या नजरेत भरली. त्यांनी त्याला कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये येण्याचे निमंत्रण दिले. त्या एका भेटीने होरा यांच्या आयुष्याची दिशा ठरली.

होरा कोलकात्यात दाखल झाले त्या वेळी भारतीय माशांचे शास्त्र बहुतांशी इंग्रज अधिकाऱ्यांच्या फावल्या वेळातील परिश्रमांवर उभे होते. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी 1822 मध्ये गंगेच्या खोऱ्यातील माशांवर ग्रंथ प्रसिद्ध केला होता. कर्नल साइक्स यांनी 1839 मध्ये दख्खनच्या माशांची वर्णने मांडली. ती मांडताना त्यांनी अनेक जातींना येथील लोकांच्या तोंडची मराठी नावेच लॅटिन पेहरावात चढवली. खडकाला चिकटणाऱ्या ‘गारा मुल्या’ या माशाचे नाव हे त्याचे एक उदाहरण. त्यानंतर फ्रान्सिस डे यांचा 1875 ते 1878 या काळात प्रसिद्ध झालेला ‘फिशेस ऑफ इंडिया’ हा ग्रंथ प्रमाण मानला जाऊ लागला. या सर्वांनी कोणता मासा कोठे सापडतो, हे मोठ्या कष्टाने नोंदवून ठेवले. तो मासा तसाच का घडला, हा प्रश्न मात्र बराचसा अस्पर्श राहिला होता. होरा यांनी तो हाती घेतला.

1920 मध्ये त्यांना मणिपूरला जाण्याची संधी मिळाली. तेथील मासे आणि मासेमारी यांच्या अभ्यासातून त्यांचा पहिला मोठा निबंध सिद्ध झाला. 1921 मध्ये संस्थेच्या मासे आणि सरपटणारे प्राणी या विभागाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. संग्रहालयातील बाटल्यांमध्ये, मद्यार्कात जपलेले हजारो मासे त्यांच्या हाताखाली होते. होरा मात्र केवळ बाटल्यांवर समाधान मानणारे नव्हते. डोंगरातील झऱ्यांच्या काठी बसून जिवंत मासा प्रवाहात काय करतो हे पाहिल्याखेरीज त्याच्या अवयवांचा अर्थ लागत नाही, अशी त्यांची धारणा बनली.

या निरीक्षणांतून त्यांचे ख्यातनाम संशोधन आकाराला आले. खळाळत्या पाण्यात राहणाऱ्या माशांची पोटाकडची बाजू सपाट होते. छातीचे आणि पोटाचे पर बाजूंना आडवे पसरतात आणि खडकावर टेकण्याच्या कामी येतात. तोंड खाली सरकते, म्हणजे दगडावरील शेवाळ खरवडताना प्रवाहात डोके वर काढावे लागत नाही. काहींच्या खालच्या ओठामागे चकतीसारखा भाग तयार होतो, तर काहींच्या छातीवर कातडीच्या घड्या पडून त्या खडकावर पकड घेतात. तळाशी राहणाऱ्या माशाला तरंगण्याची गरज कमी, म्हणून त्याच्या शरीरातील हवेची पिशवीही लहान होत जाते. वेगवेगळ्या कुळांतील मासे एकाच प्रकारच्या पाण्यात राहून एकमेकांसारखे दिसू लागतात, हे होरा यांनी अनेक उदाहरणांनी दाखवून दिले. 1930 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा यावरील दीर्घ निबंध प्रसिद्ध झाला. पंजाब आणि एडिंबरा या विद्यापीठांच्या डी.एस्सी. पदव्या त्यांना मिळाल्या होत्या. 1929 मध्ये एडिंबराच्या रॉयल सोसायटीने त्यांना फेलो म्हणून निवडले. 1932 मध्ये डोंगरी झऱ्यांतील होमालोप्टेरिड माशांच्या कुळावर त्यांनी लिहिलेला प्रबंध या विषयातील आधारग्रंथ ठरला.

होरा यांचे कार्यक्षेत्र कोलकात्यात असले तरी मुंबई इलाख्याशी त्यांचा संबंध जवळचा होता. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी गळाने पकडल्या जाणाऱ्या भारतीय माशांवर लेखमाला लिहिली. महाशीरसारख्या माशांच्या मागे लागणाऱ्या शिकाऱ्यांना तिच्यामुळे आपल्या सावजाची शास्त्रशुद्ध ओळख झाली. नाशिकजवळच्या देवळालीतील माशांवर त्यांनी के. एस. मिश्रा यांच्यासमवेत त्याच नियतकालिकात लेख प्रसिद्ध केले. तेथे मिळालेल्या एका नव्या माशाला 1938 मध्ये सोसायटीचे क्युरेटर एस. एच. प्रेटर यांचे नाव देण्यात आले. हा मासा खंडाळ्याच्या माशाच्याच वंशातला, म्हणजे होरा यांनी 1921 मध्ये स्थापन केलेल्या वंशातला. सह्याद्रीच्या उत्तर भागातील ओहोळ अशा रीतीने त्यांच्या कार्यात पुनःपुन्हा येत राहिले.

1941 च्या पफर माशाची गोष्ट या पार्श्वभूमीवर पाहिली पाहिजे. डोंगरी झऱ्यांतील माशांचा हा अभ्यासक येथे अगदी निराळ्या पाण्याकडे वळला होता. पंबा ही सह्याद्रीत उगम पावणारी नदी सपाटीवर आली की संथ होते आणि तिच्या काठांवर पाणवनस्पती माजतात. त्या वनस्पतींच्या आडोशाने राहणारा हा मासा पूर्ण वाढल्यावरही साधारण अडीच ते साडेतीन सेंटिमीटरचाच असतो. त्रावणकोरच्या माशांवरील एका निबंधात, अन्य नोंदींच्या सोबतीने, त्याचे वर्णन आले. या एवढ्याशा जिवाला पुढे परदेशी बाजारपेठ मिळेल, अशी कल्पना त्या वेळी कुणाच्या मनात येण्याचे कारणच नव्हते.

खडकाला चिकटणाऱ्या माशाच्या देहावर होरा यांनी जी दृष्टी वापरली तीच या पफरच्या देहाला लावून पाहिली, तर मत्स्यपालकाचे निम्मे प्रश्न सुटतात. कोकण किनाऱ्यावर पफर माशांना केंड म्हणतात. मच्छीमारांची जाळी कुरतडणारे, पकडलेल्या मासळीचे लचके तोडणारे म्हणून ते कुप्रसिद्ध आहेत. या कुळातील बहुतेक मासे खाऱ्या पाण्यातले. काही जाती खाडीच्या मचूळ पाण्यात राहतात. त्यांची पिल्ले गोड्या पाण्यातील म्हणून विकली जातात आणि काही महिन्यांत दुखणाईत होतात. होरा आणि नायर यांचा मासा मात्र जन्मभर गोड्या पाण्यात राहणारा. त्याच्या टाकीत मीठ घालण्याची काहीच आवश्यकता नसते. पफर विकत घेताना तो नेमका कोणत्या जातीचा आहे हे विचारणे, ही म्हणूनच पहिली काळजी ठरते. नाव ही निव्वळ पांडित्याची बाब नसून त्यावर जिवाचे जगणे अवलंबून असते, याचा प्रत्यय येथे येतो.

त्याचे तोंड पाहिले तर त्याचा आहार कळतो. पफरचे दात एकमेकांत मिळून वर दोन आणि खाली दोन अशा चार पट्ट्या बनलेल्या असतात आणि त्यांची पोपटाच्या चोचीसारखी रचना होते. कवच फोडण्यासाठी घडलेले हे हत्यार आहे. नदीत तो लहान गोगलगायी, किडे आणि अळ्या टिपतो. दुकानात मिळणारे कोरडे खाद्य बहुतेक पफर तोंडातही घेत नाहीत; मालक रोज चिमूटभर टाकत राहतो आणि मासा उपाशी मरतो. गोठवलेल्या रक्तअळ्या, पाणपिसवा आणि टाकीत वाढवलेल्या बारीक गोगलगायी हा त्याचा योग्य आहार होय. पफर कुळातील माशांचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि कवच फोडताना ते झिजतात, म्हणूनही गोगलगायींचे महत्त्व आहे. खाऊनही पोट खपाटीला गेलेला मासा आतड्यांतील कृमींनी ग्रासलेला असू शकतो. नवा मासा काही आठवडे वेगळ्या टाकीत ठेवून पाहावा, असे जाणकार म्हणूनच सांगतात. त्याच्या अंगावर इतर माशांसारखे खवले नसतात, त्यामुळे औषधांची मात्रा, विशेषतः तांबेयुक्त औषधांची, फार जपून द्यावी लागते.

त्याचे घरही त्याच्या नदीसारखे असावे लागते. हा मासा लहान असला तरी आपल्या हद्दीसाठी भांडणारा आहे. एका माशाला किमान वीस लिटर पाणी, दाट वनस्पती, एकमेकांच्या नजरेआड जाण्यासाठी लाकूड-दगडांचे आडोसे आणि एका नरामागे दोन-तीन माद्या, असा बेत ठेवला तर शांतता राहते. लांब परांचे शोभिवंत मासे त्याच्या सोबतीला ठेवणे म्हणजे त्यांचे पर कुरतडून घेण्यास आमंत्रण होय. माशांच्या मलमूत्रातून निर्माण होणाऱ्या विषारी अमोनियाचे रूपांतर करणारे जिवाणू गाळणीत स्थिरावण्यास काही आठवडे लागतात. तोवर मासा आणण्याची घाई करू नये. त्यानंतरही दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी, क्लोरीन घालवून, बदलावे लागते. कर्जतसारख्या गावी उन्हाळ्यात पारा चाळिशी गाठतो. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि लहान टाकी मोठ्या टाकीपेक्षा लवकर तापते. साधारण 24 ते 28 अंश सेल्सियसच्या पाण्यात राहणाऱ्या या माशाला त्या दिवसांत सावलीची जागा आणि वीज गेल्यास चालणारा हवेचा छोटा पंप लागतो. गंमत म्हणून त्याला फुगवणे तर सर्वथा टाळावे. फुगणे ही त्याची भीती आहे. पाण्याबाहेर काढल्यास तो हवा गिळतो आणि ती बाहेर टाकणे त्याला जड जाते, म्हणून त्याला जाळीऐवजी पाण्याने भरलेल्या भांड्यातूनच हलवावे.

पफरच्या नामकरणानंतर होरा यांच्या आयुष्यात कसोटीचा काळ आला. दुसरे महायुद्ध कोलकात्याच्या दाराशी पोहोचले होते. बॉम्बहल्ल्यांच्या भीतीने 1942 मध्ये प्राणी सर्वेक्षण संस्थेचे संग्रह वाराणसीच्या कैसर कॅसल या वास्तूत हलवण्यात आले. पुढच्याच वर्षी वरुणा नदीला पूर आला आणि अनेक पिढ्यांनी जमवलेल्या नमुन्यांची मोठी हानी झाली. पाण्यातील जीवांच्या संग्रहावर पाण्यानेच घाला घालावा, हा दैवदुर्विलास होता. त्याच दशकात होरा यांनी बंगालच्या मत्स्य खात्याच्या संचालकपदाची धुरा सांभाळली. दुष्काळाने होरपळलेल्या त्या प्रांतात मासा हा जेवणाच्या ताटाचा प्रश्न होता. झऱ्यातील माशांच्या ओठांचा अभ्यास करणारा संशोधक तळी, बीज आणि मत्स्यशेती यांच्या कामात तेवढ्याच निष्ठेने उतरला. मत्स्यशेतीवर टी. व्ही. आर. पिल्ले यांच्यासमवेत त्यांनी सिद्ध केलेली पुस्तिका संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने 1962 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध केली.

याच धामधुमीत त्यांनी आपला सर्वांत गाजलेला सिद्धांत मांडला. सह्याद्रीच्या ओहोळांतील काही मासे हजारो किलोमीटर दूर असलेल्या आसाम, ब्रह्मदेश आणि मलाया येथील माशांशी नाते सांगतात; मधल्या सपाट प्रदेशात मात्र त्यांचा मागमूस नाही. खळाळत्या पाण्याखेरीज जगू न शकणारे हे मासे एवढे अंतर कसे ओलांडून आले? होरा यांचे उत्तर असे होते की, पूर्वी हवामान अधिक ओले असताना विंध्य-सातपुड्याची रांग हा त्यांचा मार्ग होता. एका नदीने दुसरीचे उगमाकडचे पाणी आपल्याकडे ओढून घेतल्याने मासे एका खोऱ्यातून दुसऱ्यात जात राहिले आणि शेवटी सह्याद्रीला पोहोचले. 1944 पासून त्यांनी या ‘सातपुडा गृहीतका’चा हिरिरीने पुरस्कार केला. 1949 मध्ये त्यावर परिसंवाद झाला. प्राणिशास्त्रज्ञांबरोबर भूगर्भशास्त्रज्ञांनाही या वादाने विचार करायला लावले.

पुढील काळाने या गृहीतकाला तेवढी साथ दिली नाही. जनुकीय अभ्यासाची साधने हाती आल्यावर, अनेक प्राणिगटांच्या बाबतीत सातपुड्याच्या मार्गाने स्थलांतर झाल्याचा भक्कम पुरावा मिळत नाही असे दिसून आले. काही साम्ये एकाच पूर्वजापासून आलेली नसून सारख्या पाण्यात राहिल्याने स्वतंत्रपणे घडलेली असू शकतात. ही शक्यता होरा यांच्याच पहिल्या संशोधनात दडलेली होती, हे विशेष. प्रवाह माशाला घडवतो, हा त्यांचा तरुणपणीचा धडा त्यांच्या उत्तरायुष्यातील सिद्धांतापेक्षा अधिक टिकाऊ ठरला. तरीही त्यांनी विचारलेला प्रश्न खोटा ठरलेला नाही. पी पफर ज्या ‘कॅरिनोटेट्राओडॉन’ वंशात आज गणला जातो तो वंश होरा यांच्या मृत्यूनंतर, 1957 मध्ये, स्थापन झाला. त्यातील दोन जाती भारतातील आणि बाकीच्या आग्नेय आशियातील आहेत. होरा यांना अखेरपर्यंत सतावणारे भारत-मलाया नात्याचे कोडे घरोघरच्या टाक्यांत असे फिरते आहे.

होरा यांच्या व्यक्तिमत्त्वाचा आणखी एक पैलू आवर्जून सांगण्यासारखा आहे. प्राचीन भारतीयांना माशांविषयी काय ठाऊक होते, याचा त्यांनी मनापासून शोध घेतला. सुश्रुतसंहितेतील माशांच्या आकाराचा आणि पोहण्याचा संबंध सांगणारे विवेचन, अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखातील मत्स्यसंरक्षणाची आज्ञा, यांवर त्यांनी निबंध लिहिले. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ मराठी अभ्यासकांना जुन्या मराठीच्या खुणांसाठी परिचित आहे. होरा यांनी 1951 मध्ये त्यातील ‘मत्स्यविनोद’ हे प्रकरण प्राणिशास्त्रज्ञाच्या नजरेने तपासले. कोणता मासा कोठे राहतो, काय खातो, त्याला कोणते आमिष लागते, याची त्या प्रकरणातील माहिती त्यांनी आजच्या जातींशी ताडून पाहिली. माशाला त्याच्या पाण्यासह आणि आहारासह ओळखण्याची रीत या भूमीत जुनीच होती, याचे त्यांना समाधान वाटले असावे.

1947 मध्ये स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर प्राणी सर्वेक्षण संस्थेची सूत्रे होरा यांच्याकडे आली. जन्मगाव सीमेपलीकडे गेले होते, संग्रह पुराने विस्कटले होते आणि संस्था नव्याने उभी करायची होती. ते काम त्यांनी अखेरपर्यंत केले. 1951-52 मध्ये राष्ट्रीय विज्ञान संस्थेचे अध्यक्षपदही त्यांनी भूषवले. 8 डिसेंबर 1955 रोजी, वयाच्या साठीपूर्वीच, संचालकपदावर असताना त्यांचे निधन झाले.

त्यांनी नाव दिलेल्या पफरचे पुढे काय झाले, हे पाहायला ते राहिले नाहीत. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून जगभरच्या मत्स्यपालकांत त्याची मागणी वाढली आणि केरळच्या नद्यांतून तो मोठ्या संख्येने पकडला जाऊ लागला. नद्यांच्या अधिवासाची हानी आणि ही पकड, या दोहोंमुळे आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या लाल यादीत त्याची नोंद ‘असुरक्षित’ अशी झाली आहे. देवळालीच्या माशाची अवस्था त्याहून बिकट असून तो ‘अतिसंकटग्रस्त’ गणला जातो. पफर टाकीत प्रजनन करू शकतो, हे आता सिद्ध झाले आहे. विकत घेताना टाकीत जन्मलेला मासा मागणे आणि आणलेल्या माशाला त्याचे आयुष्य पुरे करू देणे, एवढे प्रत्येक हौशी माणसाच्या हाती आहे.

कर्जत आणि खालापूरच्या रहिवाशांवर याहून थोडी अधिक जबाबदारी येते. येथील पाण्याच्या वाटा माणसाने एकदा बदललेल्या आहेत. 1915 मध्ये खोपोलीला आणि 1922 मध्ये भिवपुरीला टाटांची जलविद्युत केंद्रे सुरू झाली. तेव्हापासून घाटमाथ्यावरील तलावांतले, एरवी पूर्वेकडे गेले असते असे पाणी पश्चिमेला उतरून पाताळगंगेत आणि उल्हासमध्ये मिसळते. दोन खोऱ्यांचे पाणी एकत्र येण्याची जी क्रिया होरा भूतकाळात शोधत होते, ती येथे यंत्रांनी घडवली. अशा नद्यांत कंटाळा आला म्हणून टाकीतील मासे सोडून देणे हा दयेचा मार्ग नव्हे. परका मासा तेथे मरतो तरी, किंवा जगला तर स्थानिक माशांच्या अन्नावर आणि जागेवर डल्ला मारतो. आजारी माशासोबत रोगही नदीत जातो.

प्राणिशास्त्रात वंशाच्या किंवा जातीच्या नावापुढे ते देणाऱ्याचे नाव आणि वर्ष लिहिण्याचा प्रघात आहे. खंडाळ्याच्या माशाच्या वंशापुढे म्हणून होरा, 1921 असे लिहिले जाते. पी पफरच्या नावापुढे होरा आणि नायर, 1941 ही अक्षरे कंसात येतात, कारण त्याचा वंश नंतर बदलला गेला. एका माशाने कोसळत्या पाण्यात टिकण्यासाठी पोट सपाट केले, दुसऱ्याने संथ पाण्यात कवच फोडण्यासाठी दातांची चोच केली. दोघांच्या देहांत त्यांच्या पाण्याची हकिगत लिहिलेली आहे आणि ती वाचण्याची रीत होरा यांनी घालून दिली आहे. घरच्या टाकीसमोर बसणाऱ्याने आणि पावसाळ्यात बोरघाटातील ओहोळाकाठी थांबणाऱ्याने ती रीत अंगी बाणवली, तर माशांची हेळसांड बरीच कमी होईल.